लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येते कोठून?

विंडोज १० या संगणक प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी आवश्यक असलेली टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था किंवा नव्या पिढीचा प्रोसेसर ज्यांत नाही, असे अनेक धडधाकट संगणक त्यामुळे एका अर्थाने निराधार झाले. अशा यंत्रावर लिनक्स बसवणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे आणि उबुंटू, लिनक्स मिंट किंवा डेबियन यांपैकी एखादी प्रणाली पेनड्राइव्हवरून संगणकावर चढवणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. अडचण सुरू होते ती त्यानंतर. विंडोजची सवय जडलेला माणूस येथेही तेच करू पाहतो : ब्राउझर उघडायचा, हव्या त्या सॉफ्टवेअरचे नाव शोधायचे, समोर येईल त्या दुव्यावर टिचकी मारायची आणि उतरलेली फाइल चालवायची. लिनक्सच्या जगात ही पद्धत नुसती गैरसोयीची नव्हे, तर मुळातच उलटी आहे. तेथे सॉफ्टवेअर शोधण्यापूर्वी ते कोणाकडून घ्यायचे हे ठरलेले असते, आणि हे ठरवणारी एक छोटीशी यादी प्रत्येक लिनक्स संगणकात असते. ती यादी बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिलेली नसते.

लिनक्सवरील सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपाने येते. पॅकेज म्हणजे एक गाठोडे. त्यात प्रत्यक्ष प्रोग्रॅमच्या फाइली असतात, त्या कोठे ठेवायच्या याची माहिती असते, हा प्रोग्रॅम चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे हवीत याची नोंद असते आणि बसवताना वा काढताना चालवायच्या काही लहान आज्ञावलीही असतात. अशी हजारो पॅकेजे ज्या सर्व्हरवर पद्धतशीर मांडून ठेवलेली असतात, त्याला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. आपण त्याला भांडार म्हणू. इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. ‘डेबियन’ हे नाव त्यांनी डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून बनवले होते. सुटी पॅकेजे बसवणारे ‘डीपीकेजी’ हे साधन या प्रकल्पात आरंभीच्या काळात तयार झाले. परंतु ते एका वेळी हाती दिलेले गाठोडे तेवढे सोडत असे. त्या गाठोड्याला लागणारी इतर गाठोडी माणसाने स्वतः हुडकून आणायची, त्यांना लागणारी आणखी काही, असा तो न संपणारा द्राविडी प्राणायाम होता. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ या आवृत्तीसोबत ‘ॲप्ट’ आले आणि हे काम यंत्राने स्वतःकडे घेतले. भांडाराशी बोलून, परस्परावलंबी पॅकेजांची साखळी जुळवून, सर्व काही एका आज्ञेत आणून देणारे हे साधन आजही डेबियन, उबुंटू आणि मिंट या तिन्हींचा कणा आहे. (फेडोरा, ओपनसुझे यांची साधने निराळी आहेत, तत्त्व मात्र तेच.)

या व्यवस्थेत एक मध्यस्थ आहे, आणि तिचे सारे बळ त्या मध्यस्थात आहे. शेतमालाच्या व्यवहारात अडत्या नको, माल थेट ग्राहकाच्या दारी यावा, असे आपण म्हणतो. लिनक्सच्या भांडाराने नेमकी उलट वाट धरली. मूळ लेखकाने लिहिलेला प्रोग्रॅम थेट वापरणाऱ्याकडे जात नाही. वितरणाचा एखादा ‘मेंटेनर’, म्हणजे त्या पॅकेजची जबाबदारी घेतलेला माणूस, मूळ आज्ञावली घेतो, ती वितरणाच्या नियमांत बसवतो, इतर पॅकेजांशी तिचा मेळ घालतो, आणि तिच्यात सुरक्षेची त्रुटी आढळली की दुरुस्त आवृत्ती भांडारात ठेवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये अशी ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. त्यांची देखभाल करणारे बहुसंख्य लोक स्वयंसेवक आहेत, ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी.

या मांडणीचा लाभ संकटात दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सांकेतिक संरक्षण देणाऱ्या ग्रंथालयात ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. लिनक्सवर हे ग्रंथालय सामायिक असते, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून त्याची एकच प्रत वापरतात. त्यामुळे ते एक पॅकेज सुधारून संबंधित प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की सर्वांचे काम भागले. ज्या सॉफ्टवेअरने स्वतःची वेगळी प्रत पोटात बाळगली होती, त्या प्रत्येकाची दुरुस्ती मात्र स्वतंत्रपणे करावी लागली.

आता त्या यादीकडे वळू. ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील ‘ॲप्ट’ या उपनिर्देशिकेत ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ नावाची एक साधी मजकूर-फाइल असते, आणि तिच्याशेजारी ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ ही पूरक फाइलींची निर्देशिका. उबुंटूने २४.०४ या आवृत्तीपासून मुख्य स्रोतांची नोंद या दुसऱ्या ठिकाणी, ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ या नव्या धाटणीच्या फाइलमध्ये हलवली. त्यामुळे जुने मार्गदर्शन वाचून पहिली फाइल उघडणाऱ्याला ती जवळजवळ रिकामी दिसते आणि तो गोंधळतो. नोंदीतील माहिती दोन्हीकडे सारखीच : भांडाराचा पत्ता, आवृत्तीचे टोपणनाव आणि भांडाराचे विभाग. उबुंटूचे विभाग चार आहेत. ‘मेन’मध्ये कॅननिकल कंपनी स्वतः सांभाळते ते मुक्त सॉफ्टवेअर, ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये काही उपकरणांसाठी लागणारे बंदिस्त ड्रायव्हर, ‘युनिव्हर्स’मध्ये प्रामुख्याने स्वयंसेवकांनी सांभाळलेले प्रचंड संग्रहण, आणि ‘मल्टिव्हर्स’मध्ये परवान्याच्या वा कायद्याच्या अटी जोडलेले सॉफ्टवेअर. ही वाटणी नावापुरती नाही. ‘मेन’मधील पॅकेजांना सुरक्षा-सुधारणांची हमी पाच वर्षे असते. ‘युनिव्हर्स’साठी तशी हमी ‘उबुंटू प्रो’ या योजनेत मिळते आणि वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य आहे. ही नोंदणी करणे बहुतेकांच्या हिताचे आहे. तिच्या सूचनांचा जो भडिमार होतो, त्याबद्दल तक्रार करायला जागा आहे हेही खरे.

भांडाराच्या प्रती जगभर विखुरलेल्या असतात. त्यांना ‘मिरर’ म्हणतात. भारतातही शिक्षणसंस्थांनी चालवलेले मिरर आहेत. जवळचा मिरर निवडला की पॅकेजे लवकर उतरतात. मग शंका येते : अनोळखी संस्थेच्या सर्व्हरवरून, तेही अनेकदा साध्या, सांकेतिकीकरण नसलेल्या जोडणीवरून आलेल्या मालावर भरवसा कसा ठेवायचा? उत्तर सुरेख आहे. भरवसा दुकानावर नाही, मोहरेवर आहे. प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा भांडाराच्या सूचीत लिहिलेला असतो. त्या सूचीचा ठसा ‘रिलीज’ नावाच्या फाइलमध्ये असतो, आणि या फाइलवर वितरणाची डिजिटल स्वाक्षरी असते. ती पडताळण्याची किल्ली प्रणाली बसवतानाच आपल्या संगणकात आलेली असते. वाटेत कोणी पॅकेजमधील एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ते नाकारते. डेबियनमध्ये ही व्यवस्था एप्रिल २००७ च्या ४.० आवृत्तीपासून रूढ झाली. म्हणूनच ‘स्वाक्षरी पडताळता आली नाही’ असा इशारा पडद्यावर आला, तर तो बाजूला सारण्याची युक्ती शोधत बसू नये. तो इशारा म्हणजे व्यवस्था काम करीत असल्याची खूण असते.

पण ही साखळी जिथून सुरू होते ती पहिली कडी आपल्यालाच जपावी लागते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा बदलून चोरवाट असलेल्या बनावट प्रतीकडे वळवण्यात आला. ज्यांनी त्या दिवशी ती उतरवून बसवली, त्यांच्या संगणकात पहिली किल्लीच संशयास्पद ठरली. उतरवलेल्या प्रतीचा ठसा आणि स्वाक्षरी तपासून पाहण्याचा जो सल्ला स्थापनेच्या पानावर छापलेला असतो आणि जो सहसा कोणी पाळत नाही, त्याचे कारण हे.

नित्याच्या वापरातील आज्ञा दोन. (आज्ञा टंकताना अर्थातच रोमन अक्षरे वापरायची.) ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा भांडारातील ताजी सूची आणते; तिने एकही प्रोग्रॅम बदलत नाही. ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ ही आज्ञा त्या सूचीनुसार बसवलेली पॅकेजे नव्या आवृत्तीवर नेते. पहिली म्हणजे वाण्याकडील भावपत्रक मागवणे, दुसरी म्हणजे प्रत्यक्ष सामान आणणे. पहिली न देता दुसरी दिली की जुन्या पत्रकावर व्यवहार होतो आणि ‘पॅकेज सापडत नाही’ अशी तक्रार येते. ज्यांना काळ्या पडद्यावर टंकणे नको वाटते त्यांच्यासाठी मिंटचा ‘अपडेट मॅनेजर’, उबुंटूचे ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ आणि सर्वत्र चालणारे ‘सिनॅप्टिक’ ही चित्रमय साधने आहेत. त्यांपैकी सिनॅप्टिक दिसायला जुनाट असले तरी कोणते पॅकेज कोठून आले हे ते जितके स्वच्छ दाखवते, तितके नवी देखणी साधने दाखवत नाहीत.

आज्ञा कोणतीही असो, ॲप्ट काम करण्यापूर्वी काय बसेल आणि काय काढले जाईल ते सांगते. तो मजकूर वाचायचा असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनेडियन यूट्यूब सादरकर्त्याने उबुंटूवर आधारित ‘पॉप ओएस’वर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. त्या वेळी भांडारातील पॅकेजांच्या आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून ॲप्टने संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला, त्याखाली गंभीर इशारा दिला, आणि ‘होय, मी सांगतो तसेच कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण टंकण्यास सांगितले. त्याने ते टंकले आणि डेस्कटॉप नाहीसा झाला. दोष कोणाचा, यावर तेव्हा बराच वाद रंगला. ॲप्टच्या विकासकांनी पुढे अशी अत्यावश्यक पॅकेजे इतक्या सहजी काढता येणार नाहीत असा बदल केला, हे योग्यच झाले. तरीही ‘काढले जाईल’ या शीर्षकाखाली अपरिचित नावांची लांबलचक रांग दिसली की ‘नाही’ म्हणून बाहेर पडावे, हा नियम अजून जुना झालेला नाही.

सर्वाधिक घोटाळे होतात ते यादीत नवा स्रोत जोडताना. अधिकृत भांडारातील एखादा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असतो किंवा मुळातच नसतो. मग इंटरनेटवरील कोणीतरी सांगते, या दोन ओळी टर्मिनलमध्ये चिकटवा, काम होईल. काम बहुधा होतेही. पण त्या दोन ओळींनी नेमके काय घडले, ते पाहू. पहिल्या ओळीने यादीत नवे भांडार आले आणि त्याच्या मालकाची किल्ली विश्वासार्ह मानली गेली. पॅकेज बसवताना चालणाऱ्या आज्ञावली ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालतात. त्यामुळे या मालकाला आपल्या संगणकावर वाटेल ते करण्याचा अधिकार मिळाला. तो अधिकार केवळ त्या एका प्रोग्रॅमपुरताही नाही. दोन भांडारांत एकाच नावाचे पॅकेज असेल आणि दोघांचा अग्रक्रम समान असेल, तर ॲप्ट मोठ्या क्रमांकाची आवृत्ती उचलते. चित्रफिती पाहण्याच्या प्रोग्रॅमसाठी जोडलेल्या भांडाराने उद्या एखाद्या मूलभूत ग्रंथालयाची मोठ्या क्रमांकाची आवृत्ती ठेवली, तर पुढच्या ‘अपग्रेड’मध्ये ती निमूटपणे आत येईल. आज भांडार चालवणारा माणूस सज्जन असेल. तीन वर्षांनी त्याने ते सोडून दिले, कोणाच्या हाती सोपवले किंवा त्याची किल्ली चोरीला गेली, तर आपल्या यादीतील ओळ तशीच राहते.

उबुंटूची ‘पीपीए’ ही वैयक्तिक भांडारे याच वर्गातील. ती लाँचपॅड या सेवेवर कोणालाही उघडता येतात. ‘पीपीए’ म्हटले की ते उबुंटूने तपासलेले आहे, असा समज सर्रास आढळतो, तो चुकीचा आहे. कधी कधी स्रोत आपल्या नकळतही वाढतो. गुगल क्रोमचे पॅकेज उतरवून बसवले की ते स्वतःचे भांडार यादीत नोंदवते. पुढील सुधारणा मिळाव्यात यासाठी ते सोयीचेच आहे. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘रास्पबेरी पाय ओएस’च्या एका नेहमीच्या सुधारणेतून मायक्रोसॉफ्टचे भांडार आणि किल्ली वापरकर्त्यांच्या यादीत दाखल झाली, तीही ज्यांना व्हीएस कोड हा संपादक नको होता त्यांच्याकडेसुद्धा. पूर्वसूचना न मिळाल्याने तेव्हा तीव्र नाराजी उमटली. आक्षेप मायक्रोसॉफ्टच्या नावाला होता असे नव्हे. न विचारता घरात एक चावी वाढली, याला होता.

याचा अर्थ बाहेरचा स्रोत कधीच जोडू नये असा नाही. प्रोग्रॅमच्या मूळ निर्मात्यानेच चालवलेले भांडार आणि अनामिकाचे पीपीए यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोझिलाने डेबियन आणि उबुंटूच्या वापरकर्त्यांसाठी फायरफॉक्सचे स्वतःचे ॲप्ट भांडार सुरू केले आहे आणि त्यावर विसंबायला हरकत नाही. असे भांडार जोडताना त्याची किल्ली ‘साइन्ड-बाय’ या शब्दाने त्याच एका नोंदीशी बांधावी. पूर्वी ‘ॲप्ट-की’ या आज्ञेने आणलेली किल्ली यादीतील सर्वच भांडारांसाठी ग्राह्य धरली जाई. त्या कारणाने ती आज्ञा मोडीत काढण्यात आली आणि ॲप्टच्या नव्या आवृत्त्यांतून वगळण्यात आली. अद्याप तीच आज्ञा देणारे मार्गदर्शन दिसले, तर ते कालबाह्य आहे असे खुशाल समजावे.

गेल्या दशकात या जुन्या व्यवस्थेला दोन नवे पर्याय मिळाले : कॅननिकलचे ‘स्नॅप’ आणि वितरणनिरपेक्ष ‘फ्लॅटपॅक’. दोन्हींत प्रोग्रॅम आपल्याला लागणारी बरीचशी ग्रंथालये बरोबर घेऊन येतो आणि उर्वरित प्रणालीपासून काहीसा कुंपणात चालतो. जुन्या प्रणालीवर नवा प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर हे मार्ग पीपीएपेक्षा निश्चित बरे, कारण ते मूळ ग्रंथालयांना हात लावत नाहीत. किंमत मोजावी लागते ती डिस्कवरील जागेची. मध्यस्थाची चाळणीही येथे विरळ होते. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या दुकानातील एका खेळात गुपचूप आभासी चलन खणणारी आज्ञावली सापडली होती. म्हणून दुकानातील पानावर प्रकाशकाच्या नावाशेजारी पडताळणीची खूण आहे का, हे पाहण्याचा कंटाळा करू नये. उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप-रूपातच दिला. ॲप्टने फायरफॉक्स मागितला तरी हाती स्नॅपच येतो, हे अनेकांना रुचले नाही. लिनक्स मिंटने तर २०२० मध्येच अशा आडमार्गाने येणाऱ्या स्नॅपला मूळ मांडणीत मज्जाव केला. येथे आमचे मत मिंटच्या बाजूने झुकते : जो मार्ग मागितला, त्याच मार्गाने वस्तू मिळावी.

अधिकृत भांडार म्हणजे ब्रह्मवाक्य, असेही नव्हे. डेबियनच्याच एका मेंटेनरने २००६ मध्ये ओपनएसएसएलमध्ये केलेल्या बदलामुळे त्या पॅकेजने निर्माण केलेल्या किल्ल्या अंदाज बांधण्याइतक्या दुबळ्या झाल्या होत्या, आणि हे मे २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. त्याहून थरारक प्रकरण मार्च २०२४ चे. ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या देखभालीत एका टोपणनावाच्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला आणि २९ मार्च रोजी सारा कट उघडकीस आणला. ती आवृत्ती तोवर डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचली होती. स्थिर शाखेत मात्र शिरली नव्हती. ‘स्थिर’ शाखेतील सॉफ्टवेअर नेहमी जुने असते म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हा तपशील पाहावा. तो विलंब हाही संरक्षणाचाच भाग आहे.

आणखी एक अडचण अनेकांना एका सकाळी अचानक गाठते. ‘अपडेट’ची आज्ञा द्यावी आणि प्रत्येक पत्त्यावर ‘४०४’ असे उत्तर यावे. उबुंटूच्या दीर्घ पाठबळाच्या, म्हणजे ‘एलटीएस’ आवृत्त्या दर दोन वर्षांनी येतात. मधल्या आवृत्त्यांचे पाठबळ अवघे नऊ महिने असते. मुदत संपल्यावर काही काळाने मधल्या आवृत्तीची पॅकेजे मुख्य भांडारातून ‘ओल्ड-रिलीजेस’ नावाच्या अडगळीच्या सर्व्हरवर हलवली जातात. यादीतील पत्ता बदलून ती तेथून मिळवता येतात, पण सुरक्षा-सुधारणा येत नाहीत. पत्ता बदलण्याचा उपयोग एवढाच की त्या आधाराने प्रणाली पुढील आवृत्तीवर नेता येते. घरच्या वापरासाठी मधल्या आवृत्तीच्या वाटेला न जाणे उत्तम.

मराठी वाचकाला लागणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी तर बाहेर डोकावण्याचे कारणही नाही. लोहित देवनागरी हा फाँट, मराठी इनस्क्रिप्ट टंकनासाठी ‘आयबस-एमसतराएन’, लिबरऑफिसचे मराठी भाषा-पॅकेज हे सर्व डेबियनच्या आणि उबुंटूच्या अधिकृत भांडारात वर्षानुवर्षे आहे. तरीही फाँटच्या नावाखाली कोठल्या कोठल्या संकेतस्थळांवरून दाबलेल्या फाइली उतरवल्या जातात.

जोडलेला स्रोत नको झाला तर काय, हा शेवटचा प्रश्न. यादीतील ओळ काढली म्हणजे झाले, असे वाटते. पण तेथून आलेले पॅकेज संगणकात तसेच बसून राहते, आणि आता त्याला सुधारणा देणारे कोणीच उरत नाही. ते अधिकृत आवृत्तीहून मोठ्या क्रमांकाचे असल्याने ॲप्ट ते आपणहून मागेही घेत नाही. उबुंटूवर यासाठी ‘पीपीए-पर्ज’ नावाचे साधन आहे. ते स्रोत बंद करते आणि त्यातून आलेली पॅकेजे अधिकृत आवृत्तीवर परत आणते. मिंटच्या ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मधील देखभालीच्या कप्प्यात परकी पॅकेजे काढण्याची आणि त्यांची आवृत्ती उतरवण्याची अशा दोन सोयी आहेत. सिनॅप्टिकमध्ये ‘स्टेटस’ या कळीखाली ‘स्थानिक किंवा कालबाह्य’ या अर्थाचा एक इंग्रजी गट दिसतो. कोणत्याच भांडारात न सापडणारी पॅकेजे तेथे एकत्र मिळतात. त्यांतील एखाद्याविषयी शंका आली तर ‘ॲप्ट पॉलिसी’ या आज्ञेपुढे त्याचे नाव द्यावे. ते कोणत्या स्रोतात उपलब्ध आहे, तेथे त्याची कोणती आवृत्ती आहे आणि त्या स्रोताचा अग्रक्रम किती, हे ती चार ओळींत सांगते. उबुंटूची एलटीएस आवृत्ती पुढच्या एलटीएसवर नेण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी, कारण त्या प्रक्रियेत बाहेरचे सर्व स्रोत आपोआप बंद केले जातात आणि त्यांची पॅकेजे मात्र मागे राहतात.